रुग्ण आणि प्रवासी एकाच आयतीत

 

सूरह मुज्जम्मिलची विसावी आयत ही त्या सूरहची शेवटची आणि सर्वांत दीर्घ आयत आहे. रात्रीच्या प्रदीर्घ नमाजीबाबत सवलत देताना अल्लाह तीत त्या सवलतीचे कारणही सांगतो. त्याला ठाऊक आहे की तुमच्यापैकी काही जण आजारी असतील, काही जण त्याची कृपा, म्हणजे आपली रोजी शोधण्यासाठी भूमीवर प्रवास करीत असतील आणि काही जण त्याच्या मार्गात लढत असतील. म्हणून कुरआनचे जेवढे पठण सहज होईल तेवढे करावे. या क्रमाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. आधी अंथरुणावर पडलेला, त्याच्या लगोलग पोटासाठी घराबाहेर पडलेला. सूरह बकरामध्ये रमजानच्या रोजांची सवलत सांगितली आहे, तेथेही रुग्ण व प्रवासी बरोबरच येतात. सूरह निसा आणि सूरह माइदामध्ये तयम्मुमची परवानगी आली आहे, तेथेही हीच जोडी आहे. आदरणीय अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेली आणि सहीह बुखारीत नोंदलेली एक हदीस आहे. माणूस आजारी पडला किंवा प्रवासास निघाला, तर निरोगी व घरी असताना तो जी सत्कर्मे करीत असे, त्यांचे पुण्य त्याच्या खात्यात तसेच लिहिले जाते, असा तिचा आशय आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी घरांत वर्षाचे सहा महिने हे दोघे असतात. मात्र ते एका छताखाली नसतात. एक घरी असतो, दुसरा शेकडो कोस दूर.

दसरा उलटला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी या तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. कोयता, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि लहान लेकरे ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडे, तशाच कर्नाटकातील बेळगावकडे निघतात आणि परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये. या टोळ्यांत आपली कुटुंबेही असतात. जे ऊसतोडीला जात नाहीत, त्यांच्यातील कोणी पुण्यात गवंडीकाम करतो, कोणी मुंबईत गाडी चालवतो, कोणी सौदी अरबस्तानात वा दुबईत दोन-दोन वर्षे गावाचे तोंड पाहत नाही. गावात उरतात म्हातारी माणसे. त्यांच्यापैकी एखाद्याला अर्धांगवायू झालेला असतो, एखादीच्या पायाची जखम साखरेच्या विकारामुळे भरत नसते, एखाद्या आजोबांना दम लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात अशा रुग्णाला नेले की केसपेपर निघण्याच्या वेळीच प्रश्न येतो, सोबत कोण आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाने द्यायचे, तो त्या वेळी फडात मोळ्या बांधत असतो.

अशा मुलाला मनातून दोन प्रकारचे विचार छळतात. एक म्हणतो, तू नालायक आहेस, आजारी आईला टाकून आलास. दुसरा म्हणतो, तू तिच्यासाठीच तर राबतोस, पैसे पाठवलेस म्हणजे तुझे फर्ज अदा झाले. पहिला विचार माणसाला अल्लाहच्या दयेविषयी निराश करतो आणि दुसरा त्याला निष्काळजी बनवतो. प्रेषितांच्या जीवनात या दोन्ही विचारांना उत्तर आहे, आणि ते एका अशा प्रसंगात आहे ज्याच्याकडे आपण युद्धाचा प्रसंग म्हणूनच पाहत आलो आहोत.

हिजरी सन 2. रमजानचा महिना. प्रेषित (सल्ल.) मदीनेहून बद्रकडे निघाले, तेव्हा त्यांची कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. एका पित्याला आपली लाडकी लेक अंथरुणावर सोडून दूर जावे लागत होते. सोबत सुमारे 313 माणसे होती, उंट सुमारे 70 आणि घोडे अवघे दोन. समोरून येणारे सैन्य याच्या जवळजवळ तिप्पट ठरणार होते. अशा वेळी एकेक माणूस मोलाचा असतो. तरीही प्रेषितांनी रुकय्या (रजि.) यांचे पती हजरत उस्मान (रजि.) यांना मदीनेतच थांबण्याची आज्ञा केली. सहीह बुखारीत हे आले आहे, आणि त्याच्यापुढची गोष्टही आली आहे. उस्मान (रजि.) यांना बद्रमध्ये हजर असलेल्या माणसाएवढेच पुण्य आणि युद्धलब्ध संपत्तीत त्याच्याएवढाच वाटा मिळेल, असे प्रेषितांनी सांगितले.

बद्रवाल्यांचा दर्जा इस्लामी इतिहासात केवढा मोठा आहे, हे वाचकांना सांगावयास नको. त्या यादीत एक माणूस असा आहे ज्याने त्या दिवशी तलवार उचलली नाही, तर आजारी पत्नीच्या उशाशी बसून राहिला. बद्रच्या विजयाची वार्ता घेऊन हजरत जैद बिन हारिसा (रजि.) मदीनेत पोहोचले, तेव्हा रुकय्या (रजि.) यांच्या दफनविधीचे काम चालू होते. पिता परतले ते लेकीच्या कबरीकडे.

या घटनेत जाणाऱ्यासाठी दिलासा आहे. दूर जाणे आवश्यक असेल, तर प्रिय व्यक्ती आजारी असताना जाणे हा प्रेमाचा अभाव ठरत नाही. सर्व मानवांत अधिक प्रेमळ असलेल्या पित्यालाही ते करावे लागले. पण याच घटनेत जाणाऱ्यावर एक अटही येते. प्रेषित गेले ते व्यवस्था करून गेले. आजाऱ्याजवळ कोण, हा प्रश्न त्यांनी शेजारपाजारच्या भरवशावर सोडला नाही. सर्वांत जवळचा, सर्वांत समर्थ माणूस त्यांनी मागे ठेवला आणि आपले सैन्य एकाने कमी केले. आपण मात्र अनेकदा उलटे करतो. ज्याच्या अंगात बळ आहे, तो प्रत्येक जण कोयत्यावर जातो आणि आजाऱ्याजवळ उरते ती दहा-बारा वर्षांची मुलगी, जिची शाळा त्यासाठी बुडते. चार भावांच्या घरात एक कोयता कमी करून एका भावाने मागे राहावे आणि इतर तिघांनी आपल्या कमाईतून त्याला पूर्ण वाटा द्यावा, हा बद्रचाच न्याय आहे. वाटा म्हटले आहे, मदत नव्हे. मागे राहिलेल्या भावाला वर्षभर ‘घरी बसून खाणारा’ म्हणणाऱ्यांनी उस्मान (रजि.) यांचा वाटा आठवावा.

येथे सुनांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या मासिकांत आणि व्याख्यानांत त्यांच्याविषयी बोलताना बहुधा त्यांच्या कर्तव्यांचीच यादी वाचली जाते. आई-वडिलांची सेवा अल्लाहने मुलांवर, मुलग्यांवर आणि मुलींवर बंधनकारक केली आहे. सासू-सासऱ्यांची शुश्रूषा शरीअतने सुनेवर फर्ज केलेली नाही, असे उलेमा सांगत आले आहेत. ती करीत असेल तर तो तिचा एहसान आहे, आणि एहसानाचा बदला एहसानानेच द्यावयाचा असतो, हे सूरह रहमानने शिकविले आहे. जो नवरा परगावाहून फोन करून पहिल्याच वाक्यात पत्नीला अम्मीला गोळ्या दिल्यास का म्हणून दरडावतो, त्याने आपले फर्ज दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून वर त्याच खांद्यावर चाबूक ओढला आहे. लग्न झालेल्या लेकींनाही हे लागू आहे. आई माहेरी आजारी असेल तर तिच्याकडे जाऊ देणे ही सासरची मेहेरबानी मानली जाते. तो त्या लेकीचा हक्क आहे.

आता निघण्याआधीची गोष्ट. अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये एक मनुष्य प्रेषितांकडे हिजरतची बैअत करण्यासाठी येतो आणि आई-वडिलांना रडत ठेवून आल्याचे सांगतो. प्रेषित त्याला परत पाठवितात. जसे त्यांना रडविलेस तसे त्यांना हसव, अशी आज्ञा करतात. हिजरतसारखे महान कार्यही रडणाऱ्या आई-वडिलांच्या पाठीमागे राहिले. मग आपल्या प्रवासाचे काय? जाण्यापूर्वी आजाऱ्याच्या खाटेवर बसून, का जावे लागत आहे, किती दिवसांसाठी, तोवर कोण सांभाळील, औषधे कुठे ठेवली आहेत, हे त्याला समजावून सांगितले पाहिजे. आजारी माणूस झोपला असताना पहाटे गाडीत चढणे, उठवले तर रडेल म्हणून, याला काही जण कनवाळूपणा समजतात. जागे झाल्यावर त्या रिकाम्या घरात त्या जिवाला काय वाटत असेल?

उचलीचा प्रश्न याहून कठीण आहे. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल कोणाच्या लग्नात जाते, कोणाच्या जुन्या कर्जात, आणि कित्येकदा आईच्या किंवा वडिलांच्या दवाखान्यातच जाते. म्हणजे ज्या आजारासाठी पैसे घेतले, त्याच आजाऱ्यापासून ते पैसे मुलाला सहा महिने दूर नेतात. हंगामात बोलावणे आले तर सुटी मिळत नाही. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो आणि फिटली नाही ती उचल पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. करार पाळावेत, अशी सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीची आज्ञा आहे, म्हणून उचल घेऊन पळून जाण्याला इस्लाममध्ये स्थान नाही. परंतु करार करतानाच बोलणे करून ठेवण्यास कोणी अडविलेले नाही. घरी आजारी माणूस आहे, बोलावणे आले तर आठ दिवस जाईन, ते दिवस हंगामाच्या शेवटी भरून देईन, हे आधीच आणि दोन साक्षीदारांसमोर ठरवावे. कर्जाच्या व्यवहारात लेखी नोंद आणि साक्षीदार ठेवण्याची शिकवण सूरह बकरामध्ये सविस्तर दिली आहे, ती श्रीमंतांच्या दुकानांपुरती नाही.

आणि जे आपल्यातलेच मुकादम आहेत, त्यांना एक विनंती. त्याच सूरहमध्ये, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी आणि माफ करणे तर अधिक उत्तम, असे सांगितले आहे. ज्याची आई मरणपंथाला लागली आहे, त्याच्याइतका अडचणीतला कर्जदार दुसरा कोण असेल? त्याला गाडीभाडे देऊन घरी पाठविणारा मुकादम तोट्यात गेला, असे अल्लाहच्या हिशेबात तरी लिहिले जाणार नाही.

सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांविषयीची जी आज्ञा आहे, तीत एक शब्द फार अर्थपूर्ण आहे. त्यांच्यापैकी एक किंवा दोघे ‘तुझ्याजवळ’ वार्धक्यास पोहोचले तर त्यांना उफ्सुद्धा म्हणू नकोस, असा तेथील आदेशाचा आशय आहे. अरबीत ‘इन्दक’. म्हातारपणी आई-वडील मुलाजवळ असणे हे कुरआनने गृहीत धरले आहे. म्हणून दूर राहणे ही सवय होऊ नये. गरज संपली तरी शहरातल्या खोलीत रमलेल्या, ईदच्या दोन दिवसांपुरते गावी येणाऱ्या आणि आजाऱ्याशी तेवढ्यातही मोबाईलकडे पाहत बोलणाऱ्या तरुणांना ऊसतोड कामगाराची मजबुरी सबब म्हणून वापरता येणार नाही. प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, तो माणसाचे अन्न, पाणी आणि झोप अडवितो. म्हणून काम झाले की घरच्यांकडे त्वरेने परतावे, ही बुखारी व मुस्लिम दोन्हीतील प्रेषितांची शिकवण आहे.

दूर असताना काय करता येते, ते हजरत यूसुफ (अलै.) यांच्या कथेत पाहावे. पिता हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडले होते. इजिप्तहून धान्य येत होते, एकदा आले, दुसऱ्यांदाही भरून मिळाले. पण धान्याने दृष्टी आली नाही. (ते कोणाच्या हातचे आहे हे पित्याला ठाऊक नव्हते, हे खरे.) दृष्टी आली ती यूसुफ (अलै.) यांच्या अंगातल्या सदऱ्याने. तो पित्याच्या चेहऱ्यावर टाकावा, असे त्यांनी भावांना सांगितले आणि काफिला निघतो न निघतो तोच दूर बसलेल्या पित्याला मुलाचा सुगंध आला. यूसुफ (अलै.) स्वतः राज्याचा कोठार सोडून गेले नाहीत, तरी आपल्या अंगाचे काहीतरी त्यांनी पाठविले आणि त्याच निरोपात सर्व कुटुंबाला आपल्याकडे बोलावले. पैसे हे धान्य आहे. ते पाठवावेच, आणि औषधाचे पैसे इतर खर्चाच्या आधी वेगळे काढून पाठवावेत. पण सदराही पाठवावा.

आज सदऱ्याचे काम पुष्कळ अंशी फोन करतो, जर तो तसा वापरला तर. रोज ठरलेल्या वेळी, मगरिबनंतर म्हणा, फोन करावा; आजारी माणूस दिवसभर त्या वेळेची वाट पाहतो आणि ती वाट पाहणे हेही त्याचे औषध असते. आधी आजाऱ्याशी बोलावे, मग त्याच्याविषयी इतरांशी. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या कानाजवळ फोन धरायला सांगून सलाम करावा, सूरह फातिहा पढावी, आज फडात काय झाले ते सांगावे. अर्धांगवायूने वाचा गेलेला माणूस ऐकत असतो. आणि शेवटी त्याच्याकडे आपल्यासाठी दुआ मागावी. तीन दुआ नाकारल्या जात नाहीत, अशी हदीस तिरमिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. एक पीडिताची, एक प्रवाशाची आणि एक पित्याची आपल्या अपत्याविषयीची. विचार करा, त्या फोनच्या दोन टोकांवर या तिघांपैकी दोघे असतात. ज्याला आपण फक्त घेणारा समजतो तो रुग्ण त्या क्षणी देणारा होतो, आणि त्याला तसे वाटू देणे हाही त्याचा सन्मान आहे.

अलीकडच्या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, हंगामाच्या अखेरीस येत आहे, म्हणून सवलतीबाबत जाता जाता एक खुलासा. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस वा अधिक राहण्याचा इरादा केला की माणूस मुसाफिर राहत नाही. कोप्यांच्या एकाच तळावर महिनोन्‌महिने राहणाऱ्याने नमाज कस्र करावी की पूर्ण, रोजांचे काय करावे, हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. घरच्या आजाऱ्याला मात्र रोजा सोडण्याची सवलत असतानाही, लोक काय म्हणतील या भीतीने उपाशी ठेवू नये. दूर असलेल्या मुलाने फोनवर तेवढे समजावले तरी पुष्कळ होईल, कारण म्हातारी माणसे अशा वेळी मुलाचेच ऐकतात.

आपल्या भागात ‘प्रिय आजारी व्यक्ती’ ही नेहमी आईच असते असेही नाही. आई-वडील ऊस तोडायला जात, तेव्हा ज्या दादीने, नानीने वा खालाने सहा-सहा महिने पोटाशी धरून वाढविले, ती आज खाटेवर आहे आणि ते लेकरू आता स्वतः कोयता घेऊन फडात आहे. हिजरी सन 7 मध्ये हजरत हमजा (रजि.) यांच्या अनाथ मुलीचा सांभाळ कोणी करावा असा प्रश्न आला, तेव्हा प्रेषितांनी तिला तिच्या खालाच्या घरी दिले आणि खाला आईच्या ठिकाणी असते असा निर्वाळा दिला. ज्यांना तिच्याकडून आईचे प्रेम मिळाले, त्यांनी तिला आईचा हक्कही द्यावा.

गावात राहिलेल्यांकडे आता वळू. सहीह मुस्लिममधील हदीसे कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील की मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. माणूस चकित होईल. तेव्हा सांगितले जाईल की माझा अमुक दास आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मला त्याच्याजवळच पावला असतास. हंगामात ज्या घराची मुले बाहेर आहेत, त्या घराच्या आजाऱ्याला इयादतीची गरज दुप्पट असते. मशिदीच्या जमातीने फजरनंतर दोघा-दोघांनी अशा घरी जावे, तापाची चौकशी करावी, गोळ्यांचे पाकीट उलटून पाहावे, संपली असतील तर आणून द्यावीत, आणि मुलाला फोन लावून सांगावे की आम्ही आलो होतो. चहा मात्र घेऊ नये. त्या घरात दूध किती आहे, हे पाहुण्याला कळत नसते. ही भेट आपल्याच घरांपुरती नसावी. प्रेषितांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याला भेटायला गेले होते. आपल्या वस्त्यांत वंजारी, बंजारा, मराठा, दलित अशा सर्वांच्या खाटा याच हंगामात एकाकी असतात, आणि आपल्या म्हाताऱ्यांना रात्री-बेरात्री दवाखान्यात नेणारे हातही पुष्कळदा त्यांचेच असतात.

शेवटी तो प्रसंग, ज्याची भीती प्रत्येक दूरस्थ मुलाला असते. मध्यरात्री फोन येतो. सांगलीहून वा बेळगावहून निघाले तरी सकाळ होते. रियाधहून तर पोहोचणेच होत नाही. अशा वेळी दफनास उगाच विलंब लावू नये, ही प्रेषितांची शिकवण आहे, आणि जनाजा थांबविण्यासाठी हट्ट धरणे हे मृताचा सन्मान करणे नव्हे. जो पोहोचू शकला नाही, त्याने हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांची हकिगत वाचावी. ती बुखारीत आहे. ते मदीनेबाहेर असताना त्यांच्या आईचे निधन झाले. परतल्यावर ते प्रेषितांकडे गेले आणि विचारले की माझी आई मी हजर नसताना वारली, तिच्या वतीने मी सदका दिला तर तिला त्याचा लाभ होईल काय? प्रेषितांनी होय म्हटले. तेव्हा सअद (रजि.) यांनी तेथल्या तेथे प्रेषितांना साक्षी ठेवून आपली मिख्राफ नावाची बाग आईच्या नावाने सदका केली.